सवयीचं पावसाळी वेळापत्रक: कोकणात रोजचा नेम टिकवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चालणं, वाचन, व्यायाम, जमाखर्च लिहिणं, मिश्री सोडणं. नेम कुठलाही असो, कोकणात तो मोडण्याची कारणं बरीचशी ठरलेली आहेत: पाऊस, गेलेली लाईट, पाहुणे, भातलावणी, आंब्याचा हंगाम. बाजारात मिळणारे बहुतेक सल्ले कोरड्या हवेत, स्वतंत्र खोलीत राहणाऱ्या माणसासाठी लिहिलेले असतात. इथली उत्तरं अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या घरांना धरून दिली आहेत.

२१ दिवस नेमानं केलं की सवय लागते, हे खरं का?

नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, वाचन, पहाटे उठणं असं वाटेल ते येऊन बसलं.

त्यापेक्षा भरवशाचा आकडा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून मिळतो. ९६ जणांवर १२ आठवडे केलेला हा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. ठरवलेलं काम आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, त्यामुळे २५४ हा आकडा गणितानं पुढे काढलेला आहे.) पेलाभर पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला.

आता हे ६६ दिवस पंचांगावर मांडून बघा. गुढीपाडव्याला नेम धरला, तर तो अंगात मुरायची वेळ येते मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे नेमकी पावसाच्या तोंडावर. इथले पाडव्याचे संकल्प जूनमध्ये वाहून जातात त्याचं कारण बहुतेकदा एवढंच असतं. त्यात आळसाचा भाग कमी असतो.

मग पावसाळ्यात नेम टिकवायचा कसा? दरवर्षी जून आला की सगळं बारगळतं.

कोकण रेल्वेकडे बघा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत तिचं वेळापत्रक वेगळं असतं. दरडीची भीती असते, मुसळधार पावसात चालकाला पुढचं दिसत नाही, म्हणून वेग उतरवतात. वेळा बदलतात, पण गाडी सुटते. रोजच्या वेगानं जाता येत नाही म्हणून चार महिने गाडीच बंद, असं कोणी करत नाही. आपण मात्र नेमाच्या बाबतीत हेच करतो.

म्हणून कुठलाही नेम धरताना त्याची दोन रूपं पहिल्याच दिवशी ठरवा: एक उघडिपीचं, एक पावसाचं. दोन्ही कागदावर लिहा. पावसाच्या रूपासाठी तीन कसोट्या आहेत. घराबाहेर पडावं लागू नये. लाईट आणि रेंज नसली तरी जमावं. दहा मिनिटांत संपावं.

समजा, उघडिपीत ४० मिनिटं चालायचं आहे. पावसात पडवीत १० मिनिटं चालायचं. उघडिपीत रोज १२ सूर्यनमस्कार, पावसात ४. वाचनालयात जाऊन तासभर वाचत असाल, तर पावसात घरी उशाला ठेवलेल्या पुस्तकाची चार पानं. चार पानं फार थोडी वाटतात, पण अडीचशे पानांचं पुस्तक त्या गतीनं ६३ दिवसांत संपतं, म्हणजे आषाढ आणि श्रावण मिळून एक पुस्तक.

एक चूक इथे हमखास होते. पावसाचं रूप ऐनवेळी, खिडकीबाहेर बघत ठरवलं जातं. तेव्हा मन नेहमी ‘आज राहू दे’च म्हणतं. रूप आधीच ठरलेलं असलं की तेवढा निर्णय करायचा राहत नाही.

नेम कशाला जोडावा? रोज सकाळी करायचं ठरवतो आणि विसरतो.

‘सकाळी’ ही वेळ फार ढगळ आहे. सकाळ पाचला सुरू होते आणि अकरापर्यंत पुरते. नेम एखाद्या घडणाऱ्या गोष्टीला बांधावा: ‘अमुक झालं की तमुक’. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं ‘असं झालं तर मी असं करीन’ या साच्यावर बरंच काम केलं आहे. नुसता निश्चय करण्यापेक्षा या साच्यात निश्चय करणारी माणसं काम जास्त वेळा तडीस नेतात, असं त्यातून दिसलं.

ही खुंटी, म्हणजे नेम जिला बांधायचा ती गोष्ट, निवडताना तीन गोष्टी पाहा. ती रोज घडते का, तिचा शेवट स्पष्ट आहे का, आणि नेम जिथे करायचा त्या जागेजवळ ती घडते का. आपल्याकडच्या नेहमीच्या खुंट्या या कसोटीला लावल्या तर काय दिसतं?

सकाळचा चहा चांगला. कप विसळून पालथा घातला की चहा संपला, हा शेवट स्पष्ट आहे.

नळाला पाणी येण्याची वेळ वरवर उत्तम वाटते. पण मे महिन्यात पाणी एक दिवसाआड होतं आणि खुंटीच उखडते. पहिल्या एसटीचं तेच: रविवारी वेळ बदलते, साकवावरून पाणी गेलं की गाडी येतच नाही. दहा वाजताची पेज ज्या घरात अजून आहे तिथे ती खुंटी भक्कम आहे.

तिन्हीसांजेचा दिवा आमच्या मते सगळ्यांत उपयोगी. रत्नागिरीच्या आसपास डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेर सातनंतर. घड्याळाला बांधलेला नेम या तासाभराच्या फरकात कधी उजेडात, कधी काळोखात येतो. दिव्याला बांधलेला नेम उजेडाबरोबर आपोआप सरकतो. फक्त घरात सुतक आलं तर देवापुढचा दिवा थांबतो आणि त्या दहा दिवसांत नेमही निसटतो. तेवढ्यापुरता तो रात्रीच्या जेवणाला बांधा, कारण जेवण कुठेही जात नाही.

सुरुवात किती लहान असावी?

इतकी, की तापातून उठलेल्या दिवशीही करता येईल. व्यायाम असेल तर दोन सूर्यनमस्कार, लिहिणं असेल तर तीन ओळी, जमाखर्च असेल तर फक्त आजचा सगळ्यांत मोठा खर्च. पहिले दोन आठवडे हे माप वाढवू नका, अगदी हौस आली तरीही. हौसेच्या दिवशी पाऊण तास केला की दुसऱ्या दिवशी मन त्या पाऊण तासाशी तुलना करतं आणि टाळतं. दोन आठवड्यांनंतर दर आठवड्याला थोडं वाढवा: दोनाचे तीन, तीनाचे चार.

रोज सकाळी सहाला किनाऱ्यावर चालायचं ठरवलं. चार-पाच दिवस छान गेले, मग चालायला जागाच उरली नाही. असं का?

कारण समुद्र तुमच्या घड्याळावर चालत नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या आसपास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. बंदरागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

म्हणजे सकाळी सहा ही वेळ त्रयोदशीपासून चतुर्थी-पंचमीपर्यंत सोन्यासारखी. उधाणाचे दिवस असतात, पाणी लांब गेलेलं असतं, पायाखाली टणक ओली वाळू. सप्तमीपासून एकादशीपर्यंत सहा वाजता पाणी वर असतं. ती भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असल्यामुळे पाणी अगदी सुरूच्या बनापर्यंत येत नाही, पण चालायला उरते ती भुसभुशीत कोरडी वाळू किंवा अरुंद, तिरकी पट्टी. भुसभुशीत वाळूत पोटऱ्या भरून येतात. तिरक्या पट्टीवर एक पाय सतत खाली राहतो आणि आठवड्यात गुडघा कुरकुरतो. मग माणूस म्हणतो, ‘मला चालणं मानवत नाही.’

उपाय असा: पंधरवड्यातले आठ-नऊ दिवस किनारा, बाकीचे दिवस रस्ता किंवा पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट). भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी छापलेलीच असते, महिन्याच्या सुरुवातीला किनाऱ्याच्या दिवसांखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरच्या चालण्याचा विचारच करू नका.

काळोखात निघत असाल तर बॅटरी हवीच. जानेवारीत इथे सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो, त्यामुळे सहाला मिट्ट काळोख असतो. कातळावरच्या वाटेनं जाणाऱ्यांनी बूट घालावेत. फुरसं हा विषारी साप लहान असतो, मातकट रंगाचा असतो आणि वाटेतून सहसा हलत नाही.

पावसात पडवीत चालून काही उपयोग होतो का?

होतो. मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे. ती मिनिटं कुठे घालवावी याबद्दल तिची काही अट नाही.

पडवी भिंतीपासून भिंतीपर्यंत २४ फूट असली, तर एक किलोमीटरला सुमारे १३७ फेऱ्या होतात (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक). आकडे मनात मोजत बसलात तर चाळीसच्या पुढे चूक होते. त्यापेक्षा एका टोकाला दहा काजूबिया ठेवा. दहा फेऱ्या झाल्या की एक बी पलीकडे सरकवा. दहाही बिया सरकल्या की सुमारे पाऊण किलोमीटर झालं. वळताना एकाच बाजूनं वळू नका. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. नाहीतर चक्कर येते आणि घोटाही दुखतो.

जुलैत लाद्यांना पाझर सुटतो. ओल्या लादीवर अनवाणी चालणं किंवा सूर्यनमस्कार घालणं धोक्याचं आहे. प्लास्टिकची चटई सरकते, खालून रबर असलेली घ्या. शेणानं सारवलेली जमीन दमट असली तरी घसरत नाही, तिथे साधी चटईही चालते.

बूट-कपडे वाळत नाहीत म्हणून बाहेर पडणं थांबतं. याला काय करावं?

ही तक्रार किरकोळ वाटते, पण पावसात चालण्याचा नेम मोडण्याचं हे मोठं कारण आहे. भिजलेला बूट पायात घालणं कोणालाच नको असतं. चालायला पट्ट्याची रबरी सँडल वापरा, ती पुसली की कोरडी. बूटच हवा असेल तर आतला तळवा काढून वेगळा ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी ते बदला आणि रात्री पंख्याखाली आडवा ठेवा. चुलीच्या अगदी जवळ ठेवला तर डिंक सुटतो आणि तळ उघडतो. कपडे सुती नकोत, पातळ नायलॉनचे घ्या आणि दोन जोड ठेवा.

पायाला जखम किंवा चिखल्या असतील तर शेतातल्या, गटाराच्या साठलेल्या पाण्यातून चालू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) तिथूनच येतो. नेमापायी हे धाडस करण्यात काही अर्थ नाही.

नोंद ठेवायला कुठलं ॲप चांगलं?

आमचं मत विचाराल तर कुठलंच नको. जुलैत चार्जिंग आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो. शिवाय नोंद करायला हातात घेतलेला फोन अर्ध्या तासानं खाली ठेवला जातो. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर पुरतं. ‘कालनिर्णय’ १९७३ साली सुरू करणारे जयंत साळगावकर मालवणचेच. त्या चौकोनात दुधाचा हिशेब मावतो, तर नेमाची खूणही मावेल. फक्त पेन्सिल वापरा. दमट कागदावर पेनाची शाई पसरते.

खुणा अशा करा. पूर्ण नेम झाला तर फुली. पावसाचं रूप झालं तर टिंब. काहीच झालं नाही तर कारणाचं एक अक्षर: पावसासाठी ‘प’, घरी माणसं आली तर ‘म’, दमणुकीसाठी ‘द’, विसरण्यासाठी ‘व’.

महिनाअखेरीला अक्षरं मोजा, कारण खरी माहिती तिथेच आहे. ‘व’ जास्त असतील तर खुंटी चुकली, नेम दुसऱ्या गोष्टीला बांधा. ‘द’ जास्त असतील तर वेळ चुकली किंवा माप मोठं झालं. लावणीच्या दिवसांत रात्री नऊचा व्यायाम टिकणं शक्यच नाही, तो पहाटेच्या चहाला न्या. ‘प’ जास्त दिसले तर पावसाचं रूप ठरलेलं नाही, किंवा ठरलेलं रूप तीन कसोट्यांना उतरत नाही. ‘म’ बद्दल पुढे येतंच.

एक दिवस चुकला तर सगळं पहिल्यापासून सुरू करायचं का?

नाही. वर सांगितलेल्या लंडनच्या अभ्यासात अधूनमधून एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. लक्ष ठेवायचं ते लागोपाठच्या दुसऱ्या दिवसावर. रिकामी वेळ रिकामी राहत नाही; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथे दुसरं काहीतरी बसतं, बहुतेकदा फोन. त्यामुळे चुकलेल्या दिवसानंतर पावसाचं रूप करा, ऊन असलं तरी. चुकलेलं भरून काढायला दुप्पट करू नका.

आठवडाभराच्या वर खंड पडला असेल तर जुन्या मापाच्या निम्म्यावरून सुरू करा.

गणपतीत आणि शिमग्यात काय करायचं? घरात पंधरा माणसं असतात.

काही करायचं नाही असं ठरवलंत तरी चालेल, पण ते आधी ठरवा. नेम मोडतो तो न ठरवलेल्या खंडानं. दीड दिवसाचा गणपती असेल तर प्रश्नच नाही. पाच, सात, अकरा दिवसांचा असेल तर चाकरमानी येण्याच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी कॅलेंडरावर लिहा: या दिवसांतलं रूप कोणतं, आणि विसर्जनानंतर नेम परत कोणत्या तारखेला.

या दिवसांतलं रूप दोन मिनिटांपेक्षा मोठं नको आणि ते एकट्यानं, कोणाला न सांगता होणारं हवं. रात्री बारापर्यंत भजन, पहाटे फुलं-दूर्वा काढायला उठायचं, मध्ये मोदकांचा घाट. यात पाऊण तासाचा व्यायाम शोधणारा माणूस स्वतःवरही चिडतो आणि घरच्यांवरही. दोन सूर्यनमस्कार मात्र न्हाणीघराबाहेर, अंघोळीआधी होतात.

परतीची तारीख विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची ठेवू नका, त्या दिवशी भांडी, मखर, माणसांना गाडीवर सोडणं असतं. तिसरा दिवस धरा.

शिमग्याची अडचण वेगळी आहे. पालखी आपल्या घरी कधी येणार हे गावागावावर असतं आणि कधी मध्यरात्र होते. त्या एका दिवसाला सुट्टी, बाकीचे दिवस पावसाचं रूप.

घरातल्या बाईला स्वतःचा सलग अर्धा तासही मिळत नाही. तिनं नेम कसा करायचा?

हा प्रश्न निश्चयाचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे. तो तसाच मांडला पाहिजे. ‘पहाटे चारला उठा’ हा सल्ला आम्ही देत नाही, कारण त्यात फक्त झोप कापली जाते.

दोन मार्ग आहेत. पहिला, कामातल्या सक्तीच्या थांब्यात नेम बसवणं. कुकर लावला की शिट्ट्या होऊन गॅस बंद करेपर्यंत बारा-पंधरा मिनिटं जातात. तिथून हलता येत नाही, पण ओट्याशेजारी पुस्तक वाचता येतं, भिंतीला हात टेकून पोटऱ्यांचे-खांद्यांचे ताण घेता येतात, हिशेबाची वही लिहिता येते. त्यासाठी वही-पुस्तक स्वयंपाकघरातच, प्लास्टिकच्या पिशवीत, हाताशी हवं. माजघरात ठेवलेलं पुस्तक आणायला गेलं की वाटेत तीन कामं दिसतात.

दुसरा मार्ग, घरच्यांना स्पष्ट सांगणं: दिवा लावल्यानंतर वीस मिनिटं स्वयंपाकघराकडे दुसरं कोणीतरी बघेल. कोण, तेही नावानिशी ठरवा. ‘कोणीतरी’ म्हटलं की ते काम परत तिच्याकडेच येतं. पहिला मार्ग लगेच सुरू होतो, दुसऱ्याला महिना-दोन महिने लागतात, पण टिकाऊ तोच.

मासेमारीवर जाणाऱ्यांना रोजची ठराविक वेळच नसते. मग?

मग वेळ सोडा, कामाचा टप्पा धरा. ‘बर्फ भरून झाला की’, ‘जाळं धुऊन वाळत घातलं की’, ‘बोट लागून मासळी उतरवली की’. हे टप्पे उधाण असो वा भांग, येतातच.

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. नेम सुरू करायला हा काळ मोकळा वाटतो आणि त्यातच फसगत आहे: किनाऱ्यावरच्या दिनक्रमात लागलेली सवय ऑगस्टात बोट पाण्यात उतरली की सुटते. म्हणून बंदीच्या काळातही बोटीवर करता येईल असाच नेम निवडा. डोलत्या फळीवर जोर-बैठका जमत नाहीत. बसून दीर्घ श्वसन, नोंदवही, तंबाखूच्या चिमटीऐवजी चणे, एवढं जमतं.

आंब्याच्या हंगामात तीन महिने डोकं वर काढता येत नाही. त्या काळासाठी काही?

नवा नेम नको. एकच जुना ठेवा, आणि तो बागेच्या वहीचा असला तर उत्तम. रोज तीन ओळी: तारीख, काय केलं, हवा कशी. फवारणीच्या दिवशी औषधाचं नाव, दहा लिटरला किती मिली, बागेचा कोणता भाग आणि नंतर पाऊस पडला का. शेवटची फवारणी आणि काढणी यात औषधाच्या लेबलावर दिलेले दिवस मोकळे सोडावे लागतात. ते आठवणीवर सोपवलं की हमखास चूक होते. वही फवारणीच्या पंपाशेजारी खिळ्याला टांगा. घरी गेल्यावर लिहू म्हटलं तर अंघोळीनंतर प्रमाण आठवत नाही.

मिश्री सोडायची आहे. सकाळी लावली नाही तर पोटच साफ होत नाही.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन आतड्यांना हलवतं, म्हणून ही अडचण खरी आहे, मनाचे खेळ नाहीत. सोडल्यावर काही दिवस पोट जड राहतं. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि फळं वाढवा, आणि शौचाला रोजच्या वेळीच जाऊन बसा. आतडी हळूहळू जुळवून घेतात.

तलफ, चिडचिड, झोप न लागणं हे पहिल्या तीन-चार दिवसांत सगळ्यांत जास्त असतं आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. सणाच्या किंवा लग्नघाईच्या आठवड्यात सुरुवात करू नका. डबी घराबाहेर काढा, फळीवर उंच ठेवून भागत नाही. बोट हिरड्यांवर फिरवण्याची सवय तोंडाला वेगळी असते. तिच्या जागी ब्रश किंवा तंबाखू नसलेलं दंतमंजन त्याच वेळी, त्याच पायरीवर बसून वापरा. तलफ आली की दहा मिनिटं हातात काम घ्या: खोबरं खवणं, नारळ सोलणं, काहीही. एक तलफ सहसा तेवढ्यात उतरते. मदतीला राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन आहे, क्रमांक १८००-११-२३५६, फोन मोफत.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांवर न भरलेली जखम असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा. रोज दारू पिणाऱ्यानं मात्र दारू एकदम सोडू नये. अंगाला कंप सुटणं, आकडी येणं असे प्रकार होऊ शकतात, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच करायचं.

लोक हसतात. ‘खंय चललंस सकाळीच?’ असं वाडीतली दहा माणसं विचारतात.

विचारणारच. वाडीत पहाटे निघालेला माणूस एकतर गाडी पकडायला जातो किंवा कोणीतरी आजारी असतं. उत्तर तयार ठेवा, तेही एका शब्दाचं: ‘फेरी.’ आठ-दहा दिवसांत विचारणं थांबतं. महिन्याभरानं तुम्ही दिसला नाहीत तर ‘काल खंय होतंस?’ असं तीच माणसं विचारतात आणि फुकटची पहारेदारी मिळते.

एका वेळी किती नेम धरावेत?

एक. पहिला सलग दोन आठवडे आठवण न करता होऊ लागला की दुसरा.

सुरुवातीला चांगला महिना कोणता?

नोव्हेंबर सगळ्यांना आवडतो. कापणी झालेली असते, हवा कोरडी होते, चालायला मजा येते. पण नोव्हेंबरात काहीही टिकतं, म्हणून त्यावरून नेमाची पारख होत नाही. घाई नसेल तर लावणी उरकल्यावर ऑगस्टमध्ये, थेट पावसाच्या रूपानं सुरू करा. उघडीप मिळाली की वाढवायला सोपं जातं. नोव्हेंबरात सुरू केलाच असेल, तर आठवड्यातून एक दिवस, समजा रविवारी, मुद्दाम पावसाचं रूप करत राहा. जूनच्या पहिल्या सरीला ते परकं वाटणार नाही आणि काजूबिया कुठे ठेवल्या होत्या हेही शोधावं लागणार नाही.